परकारभाईंनी दिलेली झाडं

परकारभाईंच्या शर्टाचा खिसा कायम हिरवा असायचा. शर्ट पांढरा, पूर्ण बाह्यांचा, कडक इस्त्रीचा. ओमानच्या उन्हात आम्ही बाकीचे सकाळी दहालाच चुरगळून जायचो, पण हा माणूस लग्नाला निघाल्यासारखा दिसायचा. फक्त डाव्या खिशाशी तो डाग. चालता चालता आंब्याचं पान तोडायचं, तळहातावर चुरडायचं, डोळे मिटून हुंगायचं आणि उरलेला चोथा खिशात टाकायचा, ही त्यांची खोड. त्यांची बायको रत्नागिरीहून फोनवर त्या डागांवरून बोलायची, तेव्हा ते फोन कानापासून लांब धरून आम्हाला ऐकवायचे.

दोन हजार दहानंतरची ती वर्षं. बातिना किनाऱ्यावरच्या एका फळसंशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. ओमानमधल्या जुन्या बागांत आंब्याच्या किती जाती आहेत, त्या एकमेकींच्या कोण लागतात, हे पानांतल्या डीएनएवरून शोधायचं आमचं काम. पानं आणायचे परकारभाई, त्यातून डीएनए काढायचे मी. इस्माईल परकार हे त्यांचं पूर्ण नाव. शेतकी पदवीधर, खाडीकाठच्या गावातले, कलमं बांधण्यात हात बसलेला. ओमानी बागवाले त्यांना ‘मुहंदिस’ म्हणायचे, म्हणजे इंजिनीअर. तिकडे शेतकी शिकलेल्या माणसाला हाच मान आहे आणि परकारभाईंना तो फार आवडायचा.

पान हुंगून ते जात सांगायचे आणि बऱ्याचदा साफ चुकायचे. “ह्या त्या पलीकडच्या बागेतल्या झाडाचा पोर हाय, लिहून घे,” असं ठणकावून जायचे. आठवड्याने मी जेलचा फोटो दाखवायचे. जेल म्हणजे डीएनएच्या पट्ट्या उमटतात ती जेलीसारखी पातळ वडी. आई आणि पोर असेल तर पट्ट्या बऱ्याच जुळतात. इथे दोघांचं काडीचं नातं नसायचं.

“तुजा मशीन चुकला,” ते शांतपणे म्हणायचे.

“मशीन चुकत नाही, परकारभाई.”

“मग झाडाची आय खोटा बोलली असल.”

चिडायची सोय नव्हती. पण त्या फोटोंशी भांडता भांडता ते पट्ट्या वाचायला माझ्याइतक्याच शिकले, हेही खरं.

रत्नागिरीचा माणूस आणि हापूसचं नाव काढलं की तोंड वाकडं करायचा. मस्कतमधली मराठी मंडळी एप्रिलमध्ये पेट्या मागवून हापूसचे गोडवे गायला लागली की परकारभाई उठून बाल्कनीत जायचे. एकदा मी विचारलंच. म्हणाले, “हापूस काय हाय, बाय? एकच झाड. कवातरी कोणीतरी त्याच्या काड्या काढल्यान, कलमा बांधल्यान, आनि त्याच झाडान सगळा कोकण भरला. ती झाडा नायत. एका माणसाचे फोटो हायत. एकाला आजार झाला का सगळ्यांना झाला.” रायवळ आंबा मात्र कोयीतून उगवतो, दर झाड वेगळं, दर झाडाला स्वतःची चव. त्यांच्या गावातली रायवळं हापूसला जागा करायला तोडली होती. त्यांच्या वडिलांनीही तोडली होती. आणि इथे, नोकरीसाठी आलेल्या परमुलखात, रुस्ताक गावापलीकडच्या वाद्यांमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या नदीखोऱ्यांत, त्यांना ती परत भेटली. कोणी हिंदुस्थानातून, कोणी झांझिबारहून जहाजातून कोया आणल्या, डोंगरातून येणाऱ्या फलजच्या पाटाशी पुरल्या, आणि दीडशे वर्षांत कोणी त्यांना हात लावला नाही. ओमानी माणूसही आंब्याला ‘अंबा’च म्हणतो. परकारभाई त्या बागांमधून सासरी दिलेल्या बहिणींकडे जावं तसे हिंडायचे.

त्यांचा एक नियम होता. कोणाच्या बागेतून पानं किंवा डोळकाड्या आणायच्या तर त्या बागेला एक कलम द्यायचं. डोळकाडी म्हणजे कलम बांधायला काढतात ती बोटाएवढी फांदी. “रिकाम्या हातान कोणाच्या दारात जायचा नाय. आपल्याकडं जातास काय तसा?” संस्थेच्या शेडनेटमध्ये त्यांनी स्वतः बांधलेली कलमं काळ्या पिशव्यांत रांगेने उभी असायची. निघताना जीपच्या मागच्या भागात चार-पाच ठेवायची, पिशवीभोवती ओला गोणपाट गुंडाळायचा, वाटेत दोनदा थांबून पाणी शिंपडायचं. परत येताना तिथे पानांच्या पिशव्या असायच्या. मला तर वाटतं, त्यांना पानं घेण्यापेक्षा कलमं देण्यातच जास्त रस होता. संस्थेतला दुसरा कुणी गेला तर बागवाले दारातूनच परत पाठवायचे. मुहंदिस आला की सतरंजी पसरली जायची.

मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या आमच्या फ्लॅटवर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हाही एक कलम घेऊन आले. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिचं मराठी शाळेतल्या इंग्रजीने पार खाल्लेलं. ती म्हणाली, “थँक्यू अंकल. ह्याला वॉटर... किती टाइम द्यायचं?” परकारभाई तिच्यासमोर उकिडवे बसले आणि बोट मातीत घालून दाखवलं. “बोट कोरडा निघाला का द्यायचा. ओला निघाला तर त्याला झोपू द्यायचा.” ती पुढे रोज शाळेतून आली की आधी बोट घालायची.

रुस्ताकच्या वरच्या अंगाला एका वाडीत सैफ नावाचे म्हातारे बागवाले होते. त्यांच्याकडे मी परकारभाईंबरोबर गेले. सैफच्या अंगणात एक आंबा होता. खोड दोघांच्या कवेत मावणार नाही इतकं, आणि खाली एवढी सावली की घरातली सगळी बायका-मुलं दुपारी तिथेच. त्यांच्या आजोबांनी झांझिबारहून कोय आणून लावलेला. खजूर झाले, छोट्या कपांतला कहवा तीन-तीनदा झाला, मग सैफनी एक आंबा चिरून पुढे केला. बडीशेपेचा वास. मी पुण्याची, मला गंमत वाटली. परकारभाईंनी एक फोड तोंडात घातली, मग ताटातली साल उचलून डोळे मिटून हुंगली.

“आमच्या परसात होता असा,” ते मला म्हणाले. “बापान मारल्यान. त्याची लाकडा हापसाच्या पेट्यांना गेली.”

मग त्यांनी जीपमधून कलम आणलं. सैफ उठून उभे राहिले, दोन्ही हातांनी ते घेतलं आणि त्याच क्षणी गड्याला खड्डा खणायला लावला. जुन्या झाडापासून चार पावलांवर, एकाच पाटाचं पाणी दोघांना मिळेल असं. “मेहमान का झाड है, मेरा नजर में रहेगा,” ते म्हणाले. रुस्ताकच्या सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, हिंदुस्थानी दुकानदारांकडून शिकलेलं त्यांचं हिंदी.

सैफच्या झाडाचा निकाल आला तेव्हा मीच धावत शेडनेटपर्यंत गेले. त्याच्या पट्ट्या आमच्याकडच्या एकाही झाडाशी जुळत नव्हत्या. हिंदुस्थानी नाही, आफ्रिकेकडून आलेल्या दुसऱ्या झाडांसारखंही नाही. त्या वाड्यांमधली झाडं एकूणच इतकी निराळी होती की डायरेक्टरसाहेब परदेशी पाहुण्यांना आमची जेलं दाखवायचे. परकारभाईंनी ओमानी हलव्याचा डबा आणून संस्थेत वाटला, पहारेकऱ्यालासुद्धा. आणि त्या सगळ्या झाडांच्या डोळकाड्या आणून शेडनेटमध्ये कलमं बांधायला घेतली. ती रांग ते कोणाला शिवू द्यायचे नाहीत. ही रायवळं आता मरणार नाहीत, एवढं एकच त्यांना नोकरीतून हवं होतं. बढतीचं वगैरे ते बोलायचे, पण आमच्याएवढं मनापासून नाही.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात सैफचा फोन आला. झाड एका बाजूने वाळलं होतं.

आम्ही गेलो तेव्हा अर्धं झाड हिरवं आणि अर्धं तपकिरी होतं. पानं वाळली होती पण गळली नव्हती, तशीच लोंबत होती. खोडातून डिंक ओघळत होता. हा रोग आम्हाला ठाऊक होता. किनाऱ्यावरच्या बागा त्याने आधीच खाल्ल्या होत्या. एक बुरशी असते, ती लाकडात शिरून झाडाचं पाणी तोडते. पण डोंगराच्या आतल्या वाद्यांमध्ये तो नव्हता. तिथली झाडं सुखरूप आहेत म्हणून तर तिथे आम्ही जात होतो. परकारभाईंनी पान तोडलं, चुरडलं, ते हातात भुगा झालं. हुंगलं नाही. दोन महिन्यांत झाड गेलं. मग शेजारच्या बागेतलं एक. मग दुसऱ्या वाडीतलं. फोन येतच राहिले.

मेलेल्या झाडांच्या लाकडातून मी बुरशी वेगळी केली आणि तिचंही जेल काढलं. वेगवेगळ्या वाद्यांतली, डोंगराआड एकमेकांपासून लांब असलेली झाडं. आंब्यांच्या जेलवर दोन शेजाऱ्यांच्या पट्ट्या जुळायची मारामार, आणि इथे सगळ्या पट्ट्या एका ओळीत, पट्टीने आखल्यासारख्या. मी फोटो टेबलावर ठेवला. परकारभाई वाकून बराच वेळ बघत राहिले.

“ह्यो तर बुरशीचा हापूस,” ते म्हणाले.

मी हसले. मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा आहे. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर हसू गेलं.

“एकाच ठिकाणाहून गेली हाय ही सगळीकडं. पिशवीतली माती बघितलीस काय तू?”

“कुठल्या पिशवीतली?”

ते बाहेर गेले आणि शेडनेटमधलं एक कलम, त्यांनी स्वतः बांधलेलं, पिशवीसकट घेऊन आले. पिशव्यांमधली माती संस्थेच्याच शेतातली असायची. किनाऱ्यावरच्या शेतातली. तिथली रोगट झाडं केव्हाच तोडली होती आणि जमीन स्वच्छ झाली असं सगळे धरून चालले होते. मीसुद्धा. आणि आमच्या कलमांचे खुंट, म्हणजे ज्यांवर डोळकाडी बांधतात ती रोपं, मुद्दाम निवडलेले, रोग सोसणारे. ते स्वतः मरायचे नाहीत, मुळाशी रोग घेऊन हिरवेगार उभे राहायचे.

त्या मातीतून काढलेल्या बुरशीच्या पट्ट्याही त्याच ओळीत आल्या. मी फोटो लपवून ठेवावा की काय, असं क्षणभर वाटलं. पण ते दारातच उभे होते.

डायरेक्टरसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी परकारभाईंना खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं की खोड पोखरणारा किडा ही बुरशी घेऊन उडतो, पाण्याबरोबरही ती जाते, तेव्हा कशाने काय झालं हे सिद्ध करता येणार नाही. हे खरंच होतं. कलम न दिलेल्या काही बागांतलीही झाडं मेली होती. “काही झाडा किड्यान मारली असतील, सर,” परकारभाई म्हणाले. “बाकीची मी.” साहेबांनी शेडनेट जाळायचा हुकूम मात्र दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. त्यात ती रायवळांची रांगही गेली. सैफचं मूळ झाड तोवर संपलं होतं, आणि त्याची कलमं आमच्या डोळ्यांदेखत संपली. एवढी एक रांग वेगळी ठेवा, असं परकारभाईंनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर ते सुट्टीच्या दिवशी फावडं घेऊन निघायला लागले. दिलेलं प्रत्येक कलम उपटून जाळायचं, आणि बागवाल्याला काय झालं ते सांगायचं. मी काही वेळा बरोबर गेले. पहिल्या बागेत सतरंजी पसरली गेली, खजूर आले, कहवा आला. परकारभाईंनी सगळं सांगितलं. त्यांची अरबी मोडकी होती पण त्या दिवशी त्यांनी एक शब्द गाळला नाही. बागवाल्याने ऐकून घेतलं, हात वर केला आणि म्हणाला, “मिन अल्लाह.” अल्लाहकडून आलं, तू कोण? आणि अजून कहवा ओतला. झाड उपटायचं म्हटल्यावर मात्र तो गोरामोरा झाला. दिलेली भेट परत न्यायची? पाहुण्याने लावलेलं झाड पाहुण्यासमोर उपटायचं? घराची अब्रू राहील का? त्यातून ते झाड हिरवं, टवटवीत. बागेत तेवढंच तर जिवंत.

दर बागेत हेच. कोणी शिवी दिली असती, हाकलून दिलं असतं तर त्या माणसाला थोडा तरी श्वास घेता आला असता. पण सगळे त्यांचाच हात हातात घेऊन त्यांचं सांत्वन करायचे. एकजण तर म्हणाला, मुहंदिसचं डोकं उन्हाने फिरलंय, त्याला दक्षिणेत सलालाहला, पावसाच्या ढगात नेऊन ठेवा. मला त्या लोकांचा राग यायचा. मग स्वतःचाच यायचा, कारण त्यांच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. फावडं जीपमधून कधी उतरलंच नाही.

उतरलं ते एकदाच, माझ्या घरी. बाल्कनीतलं कलम त्यांनी कुंडीसकट गोणीत घातलं. माझी मुलगी रडली. “पण अंकल, इट्स नॉट सिक!” तिने बोट मातीत घालून दाखवलं, ओलं होतं. परकारभाई म्हणाले, “बरोबर हाय बाय तुजा,” आणि गोणीचं तोंड बांधलं. इतक्या वाटलेल्या झाडांपैकी एवढं एक परत मिळालं, आणि तेही तिसऱ्या मजल्यावरचं, ज्याच्यापासून कुठल्याच बागेला धोका नव्हता.

पुढे प्रकल्प बंद झाला. झाडंच उरली नाहीत तर जाती कसल्या मोजणार? परकारभाईंचा करार वाढवला नाही आणि त्यांनी वाढवून मागितलाही नाही. शर्ट तसाच कडक असायचा, पण खिसा पांढरा. जायच्या आठवड्यात म्हणाले, सैफकडे एकदा जाऊन येऊ.

अंगणात आता ऊन होतं. जुन्या झाडाचा बुंधा जमिनीसपाट कापलेला, बायका-मुलं कुठे दिसेनात. चार पावलांवर ते दिलेलं कलम, माणसापेक्षा उंच झालेलं. त्याला पहिल्यांदाच फळं धरली होती. सैफ काठी टेकत बाहेर आले, परकारभाईंचं नाक आपल्या नाकाला लावून भेटले आणि ताटात एक आंबा चिरून आणला.

“पहला फल तुम्हारा.”

परकारभाईंनी फोड उचलली, परत ठेवली. “सैफ, ये झाड में बीमारी है. मैं पहले भी बोला. इसको निकालो.”

सैफ हसले. “बीमार ऐसा होता है? देखो, कैसा हरा!” मग त्यांनी काठीने कुंपणाकडे दाखवलं. तिथे तेलाचे रिकामे डबे ओळीने मांडले होते आणि दर डब्यात एक कोवळं कलम. कलम बांधायची पद्धत त्यांच्या गड्याला परकारभाईंनीच शिकवली होती. माती त्याच अंगणातली. “ऊपर मेरा भाई का बाग, उसका ऊपर साला का बाग, सबको दिया. वादी का आखिर तक गया. मालूम है लोग क्या बोलता है इसको? अंबा मुहंदिस. इधर जो झाड लाता है, उसका नाम पडता है.” त्यांना फार आनंद झाला होता. आपल्या मित्राला आपण एवढं काहीतरी दिलं, असा तो आनंद होता. “तुम इंडिया जाएगा, नाम इधर रहेगा, इन्शाल्ला.”

वरच्या वाडीत तोवर रोग नव्हता. तिथली झाडं आम्ही अजून तपासलीही नव्हती.

मला वाटलं, परकारभाई आता ओरडतील, निदान ते डबे तरी लाथाडतील. त्यांनी ताट जवळ ओढलं आणि सगळा आंबा खाल्ला. सैफ शेवटच्या फोडीपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“कैसा है?”

“मीठा है,” परकारभाई म्हणाले.

मी आधी जीपमध्ये जाऊन बसले. ते फाटकापाशी सैफचा निरोप घेऊन आले, पण आत चढले नाहीत. रस्त्याच्या कडेला दगडावर बसले, पायातल्या चपला काढल्या आणि काटकीने त्यांच्या तळांना चिकटलेली माती खरवडायला लागले. मग प्रयोगशाळेतल्या स्पिरिटची बाटली काढून दोन्ही चपला पुसल्या, नंतर स्वतःचे तळपाय पुसले. मी काच खाली केली.

“परकारभाई, आता काय उपयोग?”

“हां,” ते म्हणाले, आणि दुसरी चप्पल पुन्हा हातात घेतली.